कच्ची वही, पक्की वही आणि मधली गोष्ट

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाच्या विभागात कथालेखनाचा प्रश्न असतो. पाच गुण, ऐंशी ते नव्वद शब्द. कधी मुद्दे दिलेले असतात, कधी अर्धी कथा, कधी नुसते चार शब्द, तर कधी शीर्षक. त्याच गटात जाहिरात आणि बातमी असल्यामुळे पुष्कळ मुले कथा टाळतात. चौकट आखून घोषवाक्य लिहिणे कथेपेक्षा सुरक्षित, असा सल्ला शिकवणीच्या वर्गांत सर्रास मिळतो. जी मुले कथा निवडतात त्यांच्या कथेत शेतकरी असतो, त्याची भांडणारी मुले असतात किंवा प्रामाणिक लाकूडतोड्या असतो, आणि शेवटी ‘तात्पर्य’ असते.

या पाच गुणांची सावली खाली आठवी, सातवी, सहावीपर्यंत पडते. वास्तविक अकरा ते चौदा हे वय गोष्ट लिहायला शिकण्याचे सर्वांत चांगले वय आहे. मूल वाक्ये जुळवण्याच्या धडपडीतून बाहेर आलेले असते, दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज बांधू लागलेले असते आणि दहावीचा धाक अजून दूर असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा मानला आहे. या टप्प्यावर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या पट्ट्यात मुलांना गोष्ट लिहायला कसे शिकवले जाते, कसे शिकवता येईल आणि त्यासाठी हाताशी काय काय आहे, याचा हा आढावा.

पट्टाही मुद्दाम निवडला आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ठाण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अनेकदा भरले, डोंबिवलीत २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे झाले. शं. ना. नवरे यांच्यासारखा कथाकार डोंबिवलीचाच. मध्यमवर्गीय घरातल्या छोट्या गोष्टींतून कथा कशी उभी राहते हे त्यांनी आयुष्यभर लिहून दाखवले. वाचनाची एवढी परंपरा असलेल्या गावांतही सातवीतल्या मुलाला स्वतःची गोष्ट लिहायला कोणी शिकवत नसेल, तर अडचण साधनांची आहे असे म्हणता येणार नाही.

आधी वर्गात काय घडते ते पाहू. फळ्यावर विषय किंवा मुद्दे लिहिले जातात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात मुले कच्च्या वहीत लिहितात आणि घरी जाऊन तेच पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवतात. वह्या गोळा होतात, ह्रस्व-दीर्घाखाली लाल रेघा येतात, दहापैकी सात मिळतात आणि पुढच्या पाठाला सुरुवात होते. या सगळ्यात शिकवण्याचा क्षण कोणता? विषय दिला, लिहून घेतले, तपासले. म्हणजे काम नेमून दिले गेले आणि त्याची मोजणीही झाली. पण कच्च्या वहीतली गोष्ट पक्क्या वहीत जाताना तिच्यात एकही बदल झाला नाही, झाले ते फक्त अक्षर सुधारणे. माझ्या मते कथालेखनाचे सगळे शिक्षण या दोन वह्यांच्या मधल्या जागेत आहे, आणि नेमकी तीच जागा आपल्याकडे रिकामी राहते.

याचा दोष पाठ्यपुस्तकावर टाकणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. २०१६ ते २०१८ या काळात सहावी, सातवी आणि आठवीची नवी बालभारतीची पुस्तके आली. त्यांत चर्चेला, कल्पनेला आणि शब्दांच्या खेळांना आधीपेक्षा बरीच जागा आहे. पाठाचा शेवट बदलून पाहणे, एखाद्या पात्राच्या जागी स्वतःला ठेवून लिहिणे, असे स्वाध्याय आहेत. अडचण पुढे येते. ‘तुमच्या शब्दांत लिहा’ या सूचनेचे उत्तर मार्गदर्शकात छापलेले मिळते, आणि ते फळ्यावरून उतरवून घेतले की मोकळा स्वाध्यायही बंद होतो.

मुद्द्यांवरून कथा या प्रकाराबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. तो वाईट प्रकार आहे असे मला वाटत नाही. सांगाडा दिला की अडखळणाऱ्या मुलाला चालता येते. पण आपल्या मुद्द्यांमध्ये गोष्ट आधीच पूर्ण झालेली असते. ‘गरीब मुलगा — रस्त्यात पाकीट — पोलीस ठाणे — सत्कार’ हे वाचल्यावर लिहिणाऱ्याला ठरवायला काही उरत नाही. ‘शब्दांवरून कथा’ या प्रकाराचेही तेच. जंगल, शिकारी, हरीण, जाळे हे चारही शब्द एकाच गोष्टीतून उचललेले असतात. इटालियन बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात याच्या उलट वाट सांगितली. एकमेकांपासून लांबचे दोन शब्द घ्यायचे. त्यांचे उदाहरण कुत्रा आणि कपाट यांचे. हे दोघे एकत्र आलेच कसे, असे मनात येते आणि तिथेच गोष्ट सुरू होते. आपल्याकडे ‘तिकीट खिडकी’ आणि ‘कासव’ हे दोन शब्द सहावीच्या वर्गाला देऊन पाहावेत. अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, परीक्षेच्या प्रश्नाचे नावही तेच राहते. बदलतो तो शब्दांमधल्या अंतराचा हिशेब.

तात्पर्याचे काय करावे? इसापनीती आणि पंचतंत्रापासून आपल्याकडे बोधकथेची मोठी परंपरा आहे, तिला हात लावण्याचे कारण नाही. मात्र बोधकथा हा कथेचा एक प्रकार आहे, सगळी कथा नव्हे. मुलाला तात्पर्य आधी ठाऊक असले की ते पात्रांना त्या दिशेने हाकत नेते. चोर वाईटच असतो, आळशी मुलगा नापासच होतो, आणि आईच्या तोंडी उपदेशापलीकडे वाक्य येत नाही. सहावी ते आठवीत वर्षातून एक-दोन कथा तात्पर्याशिवाय लिहून घ्याव्यात, एवढीच माझी विनंती आहे. शेवटची ओळ माणसाच्या कृतीची किंवा बोलण्याची असावी, एवढा नियम पुरतो.

मराठीत मुलांनी लिहिण्याची आणि मुलांसाठी लिहिण्याची परंपरा आजच्या वर्गाइतकी कोरडी नव्हती. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप विद्यालयात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढत. शिक्षक रोज आपल्या हाताने लिहितो आणि ते लिखाण मुलांच्या डोळ्यांसमोर असते, हे त्यात मला फार महत्त्वाचे वाटते. लिहिणे ही जिवंत माणसाने रोज करण्याची गोष्ट आहे हे त्या मुलांना कोणी सांगावे लागले नसेल. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक गोंगाट करणाऱ्या वर्गाला आवरतो तो गोष्टीनेच, आणि ऐकण्याची गोडी लागल्यावर मुले वाचनाकडे वळतात. हा क्रम आजही खरा आहे. ज्या वर्गाने गोष्टी ऐकल्या नाहीत त्याच्याकडून गोष्ट लिहून घेता येत नाही.

बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेले ‘किशोर’ हे या वयासाठीचे सर्वांत टिकाऊ मासिक. त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. पन्नासहून अधिक वर्षांच्या मराठी बालकथांचा हा खजिना शिक्षकाला घरबसल्या मिळतो, आणि तरी नमुना कथा म्हणून त्याचा वापर फार थोड्या शाळा करतात. ‘वयम्’ आणि ज्ञान प्रबोधिनीचे ‘छात्र प्रबोधन’ हीदेखील किशोरवयीनांना गंभीरपणे घेणारी मासिके. लेखनाच्या सरावासाठी माधुरी पुरंदरे यांची ‘लिहावे नेटके’ ही पुस्तके आहेत. त्यांतले भाषेचे खेळ मुलाला शब्दाकडे नीट बघायला लावतात. हस्तलिखिते मात्र मागे पडली. एकेकाळी शाळेचे हस्तलिखित म्हणजे सुंदर अक्षर असलेल्या मुलांची निवड, शीर्षकांची सजावट आणि वर्षाच्या शेवटी ग्रंथालयात ठेवलेली एकुलती एक प्रत. त्या प्रतीला वाचक मोजकेच मिळत, पण ती निघणार आहे हे माहीत असल्याने लिखाण पुन्हा पुन्हा वाचले जाई. पुढे छापील वार्षिकांक आले आणि त्यांतली बरीच पाने अहवाल आणि छायाचित्रे यांनी भरली.

आता परदेशातल्या अभ्यासाकडे. लेखन कसे शिकवावे याबद्दल मते पुष्कळ असतात, मोजमाप थोडे. स्टीव्ह ग्रॅहॅम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. लेखनाचा आराखडा करणे, पुन्हा लिहिणे आणि तपासणे यांच्या पायऱ्या उघडपणे शिकवण्याचा परिणाम सर्वाधिक दिसला, ०.८२. सोबत्यांनी एकमेकांच्या लिखाणावर काम करणे ०.७५, आणि ‘या वेळी एवढेच साध’ असे नेमके उद्दिष्ट देणे ०.७०. चांगल्या लिखाणाचे नमुने अभ्यासणे ०.२५. सुटे व्याकरण शिकवल्याचा लेखनावरचा परिणाम उणे ०.३२ निघाला. हे अभ्यास मुख्यतः इंग्रजीतले, आणि कथेपुरते मर्यादित नाहीत. म्हणून आकडे जसेच्या तसे मराठी वर्गावर लादता येणार नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे. ज्यावर आपला सर्वाधिक वेळ जातो, म्हणजे लाल शाई, त्याने गोष्ट सुधारत नाही. ज्याला आपण वेळच देत नाही, म्हणजे पुन्हा लिहिणे आणि सोबत्याने वाचणे, त्याने ती सुधारते.

इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी खेड्यातल्या शाळेने हे कागदावर आणून दाखवले होते. नापास होऊन बाहेर पडलेल्या आठ मुलांनी लिहिलेले पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने परिचित आहे. त्यात त्यांनी आपली लिहिण्याची रीतही सांगितली आहे. सुचेल ते सुट्या चिठ्ठ्यांवर लिहायचे, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्या एकत्र करायच्या, क्रम लावायचा, मोठ्याने वाचायचे, नको ते काढायचे आणि मग बाहेरच्या माणसांना वाचायला देऊन कुठे कळत नाही ते विचारायचे. यासाठी लागते काय? रद्दी कागद, वेळ आणि ऐकून घेणारा शिक्षक.

कच्च्या आणि पक्क्या वहीच्या मधे नेमके काय करायचे, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा सातवीतल्या एका मुलीने लिहिले, ‘आम्ही लोकलने आजीकडे गेलो. खूप गर्दी होती. आम्ही कसेबसे उतरलो. मजा आली.’ शुद्धलेखनात चूक नाही. गोष्टही नाही. इथे शिक्षकाने ‘अजून वर्णन कर’ म्हटले तर ती ‘प्रचंड गर्दी होती, मुंगी शिरायला जागा नव्हती’ असे लिहील, कारण वर्णन म्हणजे अलंकार असे तिला शिकवलेले आहे. त्याऐवजी शेजारच्या मुलीने तिला तीन प्रश्न विचारावेत. तू कुठे उभी होतीस? सगळ्यात वाईट क्षण कोणता? तेव्हा कोण काय बोलले? आणि उद्दिष्ट एकच, त्या एका मिनिटाच्या दहा ओळी करायच्या. दुसऱ्या खेपेला असे काही येऊ शकते: ‘डोंबिवली आली तरी दार दिसेना. आईने माझी पिशवी डोक्यावर धरली आणि हात सोडला. मागच्या बाई म्हणाल्या, उतर गं, उतर. मी फलाटावर पडले नाही एवढेच. वळून बघते तर आई आतच, आणि गाडी हलली.’ आता वाचणाऱ्याला पुढचे हवे आहे. गर्दी हा शब्दही न वापरता गर्दी आली. ही करामत प्रतिभेची नाही. तीन प्रश्न आणि दुसरी संधी एवढ्यानेच हे झाले, आणि ते साठ मुलांच्या वर्गातही जमते.

या वयाच्या मुलांची गोष्ट बहुधा ‘मग’ या शब्दावर चालते. मग आम्ही गेलो, मग पाऊस आला, मग घरी आलो. शिक्षकाने ‘मग’च्या जागी ‘म्हणून’ आणि ‘पण’ बसतात का ते पाहायला सांगावे. पाऊस आला म्हणून गाडी थांबली, पण परीक्षा थांबणार नव्हती. कार्यकारण आणि अडथळा या दोन कल्पना एवढ्यातून हाताला लागतात, त्यांची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही. तसेच कथानक, पात्र, वातावरण, संघर्ष हे शब्द आधी शिकवू नयेत. मुलांनी दोन-तीन गोष्टी लिहिल्यानंतर त्यांच्याच गोष्टींतून ते दाखवावेत.

नमुना म्हणून काय वाचायला द्यायचे? प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा मला या वयासाठी सर्वांत जवळच्या वाटतात. मुलाच्या नजरेतून, त्याच्या स्वतःच्या शब्दांत आणि बेळगावकडच्या बोलीच्या लयीत त्या चालतात. बोलीत लिहिलेले पुस्तकात छापले जाते आणि मोठी माणसे त्याला चांगले म्हणतात, हे मुलाला एकदा दिसणे आवश्यक आहे.

कारण भाषा हा या पट्ट्यातला सर्वांत अवघड आणि सर्वांत श्रीमंत भाग आहे. इथल्या वर्गात आगरी आणि कोळी घरांतली मुले असतात, खानदेश, मराठवाडा, कोकण, घाटावरून आलेल्या कुटुंबांतली असतात, घरी हिंदी, गुजराती, तेलुगू बोलणारीही असतात. वहीत मात्र सगळ्यांची पात्रे एकाच पुस्तकी मराठीत बोलतात. मासळी विकणारी आजी ‘बाळा, तू अभ्यास का करत नाहीस?’ असे म्हणते. मुलाला ठाऊक असते की आपली आजी असे कधीही बोलत नाही, पण तिचे खरे वाक्य लिहिले तर त्याखाली लाल रेघ येईल. मराठीचे शिक्षक एक साधा करार करू शकतात. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद ज्या त्या माणसाच्या भाषेत. दहावीच्या परीक्षेला याने धोका नाही, आणि गोष्टीत माणसे बोलू लागतात. आपली बोली वर्गात मोठ्याने वाचली गेली आणि कोणी हसले नाही, याचा त्या मुलावर होणारा परिणाम गुणांत मोजता येत नाही. तो फार मोठा असतो.

इंग्रजी माध्यमाचा प्रश्न वेगळा. ठाणे-डोंबिवलीतल्या मराठी घरांतली पुष्कळ मुले आता तिकडे आहेत. राज्याने २०२० मध्ये कायदा करून सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आणि २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने ती लागू झाली. या मुलांचे मराठी कानावरचे आणि जिभेवरचे असते, हातातले नसते. त्यांच्याकडून निबंध मागितला की ती पाठ करतात. गोष्ट मागितली तर निदान संवाद त्यांना लिहिता येतात, कारण घरी ती मराठीतच भांडतात आणि हट्ट करतात. म्हणून इंग्रजी माध्यमाच्या मराठीच्या तासाला कथा संवादापासून सुरू करावी. आधी तोंडी सांगून, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून, मग ऐकत लिहिली तरी चालेल.

आता विषयांकडे. ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ या विषयावर डोंबिवलीतली मुलेही महाबळेश्वर लिहितात. रोज ज्या पुलावरून, ज्या नाल्याकाठून ती शाळेत येतात ते गोष्टीत येत नाही, कारण ते लिहिण्याजोगे आहे असे कोणी सांगितलेले नसते. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याची खाडी, ठाण्यातल्या मासुंदा तलावाभोवतीची संध्याकाळ, येऊरच्या बाजूने वस्तीत शिरलेला बिबट्या, डोंबिवलीतला दिवाळीच्या पहाटेचा फडके रोड, पावसात थांबलेली लोकल, गणपतीत दहा दिवस भरलेले दोन खोल्यांचे घर. यातली कुठलीही जागा सातवीतल्या मुलाची गोष्ट पेलू शकते. आणि काही जागा भयाच्याही आहेत. डोंबिवली औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले, माणसे दगावली, लांबच्या घरांच्या काचा फुटल्या. त्या आवाजाची आठवण असलेली मुले आज वर्गात बसली आहेत. ती कधी लिहितील. तेव्हा शिक्षकाने दोन गोष्टी पाळाव्यात. असा विषय सक्तीने देऊ नये, आणि मुलाने लिहिले तर त्याच्या परवानगीशिवाय वर्गात वाचू नये. घरातल्या मारहाणीबद्दल, दारूबद्दल, आईवडिलांच्या वेगळे होण्याबद्दलही मुले कथेच्या आडून लिहितात. ‘तो’ म्हणून लिहिलेले ‘मी’ असू शकते. ते ओळखणे आणि जपणे हा या कामाचा भागच आहे, आणि गरज पडली तर समुपदेशकापर्यंत पोहोचवणेही.

मुले स्वतःचे जगणे कथेत आणू शकतात याचा मला ठाऊक असलेला सर्वांत ठोस पुरावा ठाण्यातलाच आहे, आणि तो शाळेबाहेरचा आहे. बालनाट्य चळवळीत साठच्या दशकापासून काम केलेल्या रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना उभी केली, आणि २०१४ पासून ‘नाट्यजल्लोष’ सुरू झाला. ठाण्यातल्या वस्त्यावस्त्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींनी आपले प्रश्न आपणच निवडायचे, त्यांवर छोटी नाटुकली बसवायची आणि ती प्रेक्षकांसमोर करायची. तयार संहिता द्यायची नाही, ही यातली कळीची अट. मोठी नावाजलेली माणसे मार्गदर्शनाला येत, पण गोष्ट मुलांची राही. मतकरी २०२० मध्ये गेले, उपक्रम पुढे चालत राहिला. कथालेखन शिकवणाऱ्याने यातून घ्यावे असे बरेच आहे. कागदावर येण्याआधी प्रसंग करून पाहिला की संवाद आपोआप खरे होतात. पात्राला उभे कुठे राहायचे हे ठरवावे लागते, म्हणून जागा डोळ्यांसमोर येते. आणि प्रेक्षक समोर असल्यामुळे कुठे कंटाळा आला ते लगेच कळते, सात गुणांची वाट पाहावी लागत नाही.

ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टचा ‘शालेय जिज्ञासा’ हा विद्यार्थ्यांनी चालवलेला अंक याच दिशेचे दुसरे उदाहरण. संपादन मुलांकडे आले की ‘हे का घ्यायचे, हे का नाही’ असा प्रश्न त्यांना पडतो, आणि तो प्रश्न आपल्या स्वतःच्या लिखाणालाही विचारता येतो. तीन हात नाका उड्डाणपुलाखाली २०१६ पासून ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी चालवलेल्या सिग्नल शाळेचाही इथे उल्लेख करावासा वाटतो. सिग्नलवर वस्तू विकणारी मुले तिथे शिकू लागली. रोज शेकडो अनोळखी चेहरे वाचत मोठ्या झालेल्या मुलांकडे पात्रांची कमतरता नसते. हीच गोष्ट जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमध्ये गेलेल्या आदिवासी भागाची. वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून काम करणाऱ्या क्वेस्ट संस्थेच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात नाटकातून गोष्टी आश्रमशाळांतल्या मुलांपर्यंत नेल्या जातात. ऐकणे, पाहणे, मग वाचणे आणि मग लिहिणे हा गिजुभाईंचाच क्रम तिथे दिसतो.

मग वाचनालयांनी काय करावे? डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदानप्रदानाचा उत्सव करून दाखवला, ठाणे आणि कल्याणच्या ग्रंथालयांत वर्षभर स्पर्धा आणि व्याख्याने असतात. मुलांसाठी कथाकथन स्पर्धाही होतात, पण त्यांत मुले बहुधा मोठ्यांनी लिहिलेल्या कथा हावभावांसह पाठ म्हणतात आणि बक्षीस आवाजाला मिळते. त्यातली निम्मी पारितोषिके स्वलिखित कथेला ठेवली तर पालकांचे आणि शाळांचे लक्ष एका वर्षात वळेल. त्याहून साधे म्हणजे वाचनालयाच्या बालविभागात शहरातल्या शाळांच्या मुलांनी लिहिलेल्या, शिवून बांधलेल्या कथांच्या वह्यांसाठी एक कप्पा ठेवणे. त्यांना दाखल क्रमांक द्यावा, घरी न्यायला द्याव्यात, मागच्या पानावर वाचकाने दोन ओळी लिहाव्यात. कल्याणच्या मुलीची गोष्ट अनोळखी मुलाने वाचली, ही बातमी तिच्या पुढच्या गोष्टीला पुरते. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला आहे. महिन्यातला एक शनिवार या कामाला द्यायला कोणाची वेगळी परवानगी लागणार नाही.

वेळेचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गासाठी एका शिक्षकामागे पस्तीस विद्यार्थी सांगितले. एक कथा नीट वाचायला पाच मिनिटे धरली तरी तीन तास होतात. साठ मुलांच्या तीन तुकड्या असतील तर पंधरा तास. एवढे वाचन करून वर सर्वेक्षणे, नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणाऱ्या शिक्षकाकडून दुसऱ्या मसुद्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. म्हणून प्रत्येक मसुदा शिक्षकाने वाचायचा हा आग्रह सोडायला हवा. पहिला मसुदा सोबती वाचेल. शिक्षक एका खेपेला दहा-बारा वह्या बघेल, आणि त्यांतही एकच गोष्ट बघेल: या वेळी संवाद, पुढच्या वेळी शेवट. शुद्धलेखन अगदी शेवटी, पक्क्या वहीत जाण्याआधी, मुलांनीच एकमेकांचे तपासायचे. ह्रस्व-दीर्घ महत्त्वाचे नाही असे कोणीही समजू नये. त्याची वेळ शेवटची आहे.

मोठ्या शैक्षणिक पाहण्यांकडून मदत मिळण्याची आशा नाही. ‘असर’ वाचन आणि गणित पाहते, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण पर्यायी उत्तरांवर चालत आले. मुलाने स्वतः रचलेला एक परिच्छेद या देशात मोठ्या प्रमाणावर कोणी वाचत नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी वेळापत्रकात तास मिळत नाही. दरम्यान २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि घरून लिहून आणलेल्या कथेचा भरवसा संपला. यावर पाळत ठेवण्याचे उपाय मला निरुपयोगी वाटतात. कच्चे लिखाण वर्गात झाले, सोबत्याने प्रश्न विचारले आणि बदल वहीत दिसले, तर यंत्राकडून आयती गोष्ट आणण्यात मुलालाच रस उरत नाही. गुण द्यायचे असतील तर पाचपैकी दोन पहिल्या आणि दुसऱ्या मसुद्यातल्या बदलाला द्यावेत. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात हे आजही करता येईल.

सगळे येऊन थांबते शिक्षकापाशी. मराठीच्या बहुतेक शिक्षकांनी कथेचे घटक शिकलेले असतात, कथा लिहिलेली नसते. पोहायला न उतरलेल्या माणसाने काठावरून हातवारे करावेत तसे मग शिकवणे होते. अमेरिकेत १९७४ मध्ये बर्कले इथे जेम्स ग्रे यांनी सुरू केलेला आणि पुढे देशभर पसरलेला लेखन प्रकल्प एका अटीवर उभा राहिला: लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांनी सुट्टीत एकत्र येऊन स्वतः लिहायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे आणि पुन्हा लिहायचे. आपल्याकडे त्यासाठी नवी संस्था लागत नाही. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदा होतातच. जून ते मार्चमधल्या दोन परिषदांत मराठीच्या शिक्षकांनी पानभर गोष्ट लिहावी, शेजारच्या शाळेतल्या बाईंनी किंवा सरांनी तिला तीन प्रश्न विचारावेत, आणि सुधारलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आपल्याच सातवीच्या वर्गात दोन्ही मसुद्यांसह वाचून दाखवावी. कोणते वाक्य खोडले आणि का, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा शिक्षकाच्या तोंडून ऐकायला मिळेल.